सायंप्रार्थनेतील हरकत : फाळणीच्या काळातील गांधीजींच्या प्रार्थनासभा

महात्मा गांधींच्या हत्येविषयी पाठ्यपुस्तकांत बहुधा एकच वाक्य असते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, सायंकाळी प्रार्थनेला जात असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात आणि आपण शिक्षकही ते सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. 'प्रार्थनेला जात असताना' हे शब्द त्या वाक्यात केवळ वेळ सांगण्यापुरते येतात. 'फिरायला जात असताना' असे छापले असते तरी वर्गात कोणाला फारसा फरक जाणवला नसता. ही प्रार्थना कोणती होती, तिच्यात काय म्हटले जाई, समोर कोण बसत, ती मध्येच का थांबवावी लागे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

वास्तविक १९४६ च्या नोव्हेंबरपासून पुढील सुमारे पंधरा महिने ही सायंप्रार्थना गांधीजींच्या राजकीय कार्याचे मुख्य साधन होती. त्यांच्याकडे सरकारातले कोणतेही पद नव्हते. १९३४ पासून ते काँग्रेसचे चार आण्याचे सभासदही नव्हते. वाटाघाटींची सूत्रे नेहरू, पटेल आणि व्हाइसरॉय यांच्या हाती होती. गांधीजींच्या हाती उरली होती ती रोज संध्याकाळची एक सभा. देश दंगलीत होरपळत असताना या सभेने काय साधले आणि कोठे ती अपुरी पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की या सभेचे राजकीय बळ तिच्यातील श्लोकांत किंवा आयतींत नव्हते. समोर बसलेल्या सामान्य माणसाला उभे राहून हरकत घेण्याचा जो हक्क तेथे मिळाला, त्यात ते होते.

राज्यकर्ते आणि दुआ

संकटकाळी सत्ताधाऱ्याने लोकांसमवेत ईश्वराची करुणा भाकणे ही प्रथा जुनी आहे. आपल्या वाचकांना हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील प्रसंग परिचित आहे. हिजरी १८, म्हणजे इ. स. ६३९ च्या सुमारास हिजाजमध्ये भीषण दुष्काळ पडला. अरब इतिहासकार त्या वर्षाला 'आमुर्रमादा', राखेचे वर्ष, म्हणतात. हजरत उमर पावसाच्या दुआसाठी, म्हणजे इस्तिस्काकरिता, लोकांना घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी प्रेषितांचे (स.) चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना पुढे केले. ही रिवायत सहीह बुखारीत हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. राज्याचा सर्वाधिकारी दुआच्या वेळी स्वतः मागे राहतो आणि दुसऱ्याला पुढे करतो, ही यातील लक्षणीय गोष्ट. दुसरी तितकीच महत्त्वाची. दुआबरोबरच शाम आणि इतर प्रांतांच्या सुभेदारांकडे धान्याची मागणी गेली, उंटांचे तांडे मदिनेकडे आले आणि लोकांना मिळत नाही तोवर तूप-मांस खाणार नाही असे खलीफांनी ठरवले. दुआ आणि धान्य यांची तेथे फारकत झालेली नव्हती.

आधुनिक काळात हीच प्रथा सरकारी फर्मानाच्या रूपाने दिसते. अमेरिकेतील यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ३० एप्रिल १८६३ हा दिवस उपवास व प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. त्याच्या महिनाभर आधी, २७ मार्च रोजी, बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनीही आपल्या बाजूच्या लोकांना असाच दिवस पाळायला लावला होता. दोन्ही बाजू त्याच एका ईश्वराची प्रार्थना करीत आहेत, ही गोष्ट पुढे मार्च १८६५ मध्ये लिंकन यांनी स्वतःच बोलून दाखवली. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कहून सैन्य माघारी आणण्यास सुरुवात झाली तो २६ मे १९४० हा दिवस राजे सहावे जॉर्ज यांच्या आवाहनानुसार ब्रिटनमध्ये राष्ट्रीय प्रार्थनादिन होता. अशा दिवसांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. भेदरलेल्या समाजाला त्यामुळे धीर येतो. परंतु असे दिवस आपल्याच बाजूच्या लोकांना एकत्र करतात. शत्रू त्या प्रार्थनेत नसतो, आणि प्रार्थनेच्या शब्दांवर हरकत घेण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

गांधीजींच्या सभेचे वेगळेपण येथे सुरू होते. ज्यांच्यात वैर पेटले होते त्या दोन्ही समाजांनी एकाच पटांगणात बसावे अशी तिची अपेक्षा होती. हातात शासनाचे फर्मान नसताना ती अपेक्षा कशी आणि कितपत पुरी झाली, हे पाहण्यापूर्वी सभेची घडण पाहिली पाहिजे.

प्रार्थनेची घडण

ही प्रार्थना कोणत्याही समितीने बसून तयार केलेली नव्हती. ती वाढत गेली, आणि तिचा एकेक भाग एकेका माणसाच्या नावाशी जोडलेला आहे. साबरमतीच्या आश्रमात तिला गायनाची बैठक मिळाली ती नारायण मोरेश्वर खरे या मराठी गायकामुळे. ते विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य. 'आश्रम भजनावली' त्यांनीच संकलित केली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे, ईशोपनिषदाचा पहिला मंत्र, एखादे भजन आणि शेवटी रामधून असा तिचा मूळ साचा होता.

कुरआनमधील आयती तिच्यात आल्या त्या रैहाना तय्यबजी यांच्यामुळे. रैहाना या अब्बास तय्यबजी यांच्या कन्या. बडोद्याच्या आमच्या वाचकांना हे घराणे नव्याने सांगायला नको. अब्बास तय्यबजी हे बडोदे संस्थानच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले होते. रैहानाबेन उत्तम गात. त्यांच्या सूचनेवरून सूरए-फातिहाचा प्रार्थनेत समावेश झाला. जपानी बौद्ध मंत्राची कथा अशीच. सेवाग्रामात एक जपानी भिक्षू राहत असे आणि ढोलाच्या ठेक्यावर रोज आपला मंत्र म्हणत असे. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरल्यावर पोलीस त्याला घेऊन गेले. त्याची आठवण म्हणून तो मंत्र प्रार्थनेच्या आरंभी ठेवण्यात आला. शत्रुराष्ट्राच्या एका नागरिकाची स्मृती रोज दोन वेळा जपणारी ही गोष्ट त्या काळी फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. पारशी धर्मातील प्रार्थना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आली. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमधील एकवीस दिवसांचा उपवास सुटला त्या वेळी मुंबईचे डॉ. गिल्डर तेथे होते आणि त्यांनी ती म्हटली.

या प्रार्थनेचे प्रमाण मात्र आपण डोळसपणे पाहिले पाहिजे. गीतेचे एकोणीस श्लोक, उपनिषद, भजन, रामधून हे एका बाजूला आणि फातिहाच्या सात आयती दुसऱ्या बाजूला. मुळात ही हिंदू घरातली प्रार्थना होती आणि तिने इतरांना मानाने आत बोलावले होते. 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द वापरताना अभ्यासकांनी हे विसरू नये. मुस्लिम लीगच्या नेत्यांनी गांधीजींच्या भाषेतील रामराज्य, रामधून यांवर जे आक्षेप घेतले ते सगळेच राजकीय डावपेच होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. रामनाम आणि अल्लाहचे नाव यांची सरमिसळ अनेक धार्मिक मुसलमानांना खरोखरच खटकत होती. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट असावी. ही सभा म्हणजे नमाजला पर्याय नव्हता आणि तसा दावा कोणी केलाही नाही. दिल्लीत हिवाळ्यात ती पाच वाजता असे. असर आणि मगरिब यांच्या मधला हा वेळ. सभेला बसलेला मुसलमान तेथून उठून मशिदीत मगरिबच्या जमातीला पोहोचू शकत होता. अर्थात, मशीद शाबूत असेल तर. तो प्रश्न पुढे येणारच आहे.

नोआखाली : पहिली हरकत मुसलमानांची

१० ऑक्टोबर १९४६ पासून पूर्व बंगालातील नोआखालीत हिंदूंवर अत्याचार झाले. त्याचा सूड म्हणून महिनाअखेरीस बिहारात मुसलमानांची भयंकर कत्तल सुरू झाली. गांधीजी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोआखालीत पोहोचले, श्रीरामपूर या गावी दीड महिना राहिले आणि २ जानेवारी १९४७ पासून पायी हिंडू लागले. रोज नवे गाव, रोज संध्याकाळी प्रार्थना. त्यांच्या भाषणाचा बंगाली अनुवाद मानववंशशास्त्राचे अभ्यासक निर्मलकुमार बोस करीत.

आरंभी मुसलमान मोठ्या संख्येने येत. पण रामधून सुरू झाली की त्यांतील काही उठून जात. पुढे त्यांची उपस्थिती घटत गेली. राम आणि रहीम एक मानता येणार नाही, असे काही मौलवींनी स्पष्ट सांगितले. कुरआनच्या आयती बिगरमुस्लिमाने प्रार्थनेत म्हणाव्यात काय, असाही प्रश्न काढण्यात आला. गांधीजींनी ही मते सभेतच सांगितली आणि त्यांना सभेतच उत्तर दिले. मात्र रामधून त्यांनी सोडली नाही. यात हट्ट होता का? तसे वाटणे शक्य आहे. परंतु ज्या गावांत हिंदूंनी भीतीने मोठ्याने नामस्मरणही बंद केले होते, तेथे ती धून वगळणे म्हणजे त्या भीतीला मान्यता देणे झाले असते. उठून जाणाऱ्याला मात्र कोणी अडवले नाही. याच पदयात्रेत, जानेवारी १९४७ मध्ये, त्यांच्या नात्यातील मनू गांधी यांनी रामधुनीत एक ओळ घातली. ईश्वर आणि अल्लाह ही दोन्ही त्याचीच नावे असल्याचे सांगणारी ती ओळ आज इतकी रुळली आहे की ती मूळ धुनीचाच भाग असावी असे वाटते. ती दंगलग्रस्त खेड्यांत आली, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

नोआखालीतील खऱ्या यशाचे श्रेय मला गांधीजींपेक्षा अधिक बीबी अम्तुस्सलाम यांना द्यावेसे वाटते. पतियाळाच्या या मुस्लिम बाई आश्रमात राहणाऱ्या, नमाज-रोजाच्या पक्क्या. शिरंडी गावात हिंदूंकडून लुटलेली शस्त्रे परत मिळावीत आणि त्यांना अभय मिळावे यासाठी त्यांनी पंचवीस दिवस उपवास केला. २० जानेवारी १९४७ रोजी गावच्या मुसलमानांनी लेखी हमी दिली तेव्हा तो सुटला. आपल्याच समाजाच्या दारात बसून एका मुस्लिम स्त्रीने परधर्मीय शेजाऱ्यांसाठी हे केले. महाविद्यालयीन पुस्तकांत त्यांचे नाव मी क्वचितच पाहिले आहे.

दिल्ली, एप्रिल १९४७ : एकाच्या शब्दाला सभेचे वजन

मार्चमध्ये गांधीजी बिहारात मुसलमानांच्या उद्ध्वस्त वस्त्यांतून हिंडले. तेथील सभांत मुस्लिम निर्वासितांच्या मदतीसाठी निधी गोळा होई आणि हिंदू स्त्रिया अंगावरचे दागिने काढून देत. महिनाअखेरीस व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्या भेटीसाठी ते दिल्लीला आले आणि भंगी कॉलनीतील वाल्मीकी मंदिराच्या आवारात उतरले. पश्चिम पंजाबात, विशेषतः रावळपिंडीच्या बाजूला, मार्चमध्ये शिखांच्या व हिंदूंच्या हत्या झाल्या होत्या. तेथून आलेली माणसे दिल्लीत होती.

१ एप्रिल रोजी प्रार्थनेत फातिहा सुरू होताच एक तरुण उभा राहिला. मंदिरात कुरआन चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. लोक त्याला बाहेर काढू लागले. गांधीजींनी तसे करण्यास विरोध केला आणि प्रार्थनाच बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरकत, पुन्हा प्रार्थना बंद. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी कोणी उठले नाही आणि प्रार्थना पूर्ण झाली.

या चार दिवसांकडे बारकाईने पाहावे. गांधीजींपुढे सोपे मार्ग दोन होते. सभेत प्रचंड बहुमत त्यांच्या बाजूचे होते. हरकत घेणाऱ्याला बाजूला करून प्रार्थना चालवता आली असती. तसे करणे त्यांना हिंसेसारखेच वाटत होते. दुसरा मार्ग, फातिहा तेवढी वगळून बाकीची प्रार्थना करणे. तोही त्यांनी पत्करला नाही. आयती गाळून गीता म्हणायची नाही, गीताही नाही आणि रामनामही नाही. एका समाजाचे शब्द काढले तर सर्वांचेच शब्द थांबतील, असा याचा अर्थ होता. हरकत घेणारा विजयी होई, पण त्याच्या विजयाची किंमत म्हणून त्याची स्वतःचीच प्रार्थना जाई, आणि शेकडो माणसे ते पाहत परत जात. कायद्याने किंवा पोलिसांनी हे साधले नसते.

आमच्या काही सहकाऱ्यांचे मत असे आहे की यामुळे असहिष्णू माणसाच्या हाती नकाराधिकार गेला. हे मत सर्वस्वी चुकीचे नाही. गांधीजींनाही पुढे ते जाणवले असावे. सप्टेंबर १९४७ नंतर बिर्ला भवनात त्यांनी नियमाला थोडे वळण दिले. हरकत घेणाऱ्याला उभे राहून ती नोंदवू द्यायची. मग श्रोत्यांना विचारायचे की यांच्याविषयी मनात राग न धरता तुम्ही शांत बसाल काय? श्रोते हो म्हणाले की प्रार्थना करायची. आता हरकतीमुळे सभा बंद पडत नव्हती, पण हरकत घेणाऱ्याचे संरक्षण ही सभेचीच जबाबदारी झाली होती. मला हा बदल पहिल्या नियमापेक्षा अधिक प्रगल्भ वाटतो.

कलकत्ता

१५ ऑगस्टच्या जल्लोषात गांधीजी कलकत्त्यात होते. बेलियाघाटातील हैदरी मंझिल या पडक्या मुस्लिम घरात, १३ ऑगस्टपासून, सुहरावर्दी यांच्यासह त्यांनी मुक्काम ठेवला. १९४६ च्या कलकत्ता हत्याकांडाच्या वेळी सुहरावर्दी बंगालचे मुख्यमंत्री होते आणि हिंदूंचा त्यांच्यावर रोष होता. संतप्त तरुणांनी पहिल्याच दिवशी त्या घराला वेढा घातला. पण चार-पाच दिवसांत वारे फिरले. १८ ऑगस्टला ईद होती. त्या संध्याकाळची प्रार्थनासभा मोहमेडन स्पोर्टिंग क्लबच्या मैदानावर झाली आणि तिला लाखोंचा समुदाय लोटला. महिनाअखेरीस पुन्हा दंगल पेटली. १ सप्टेंबरला उपवास सुरू झाला, ४ सप्टेंबरला सुटला. त्यानंतर शहर शांत राहिले. पंजाबात पन्नास हजारांवर सैनिकांचे सीमादल जे करू शकले नाही ते बंगालात एका माणसाने केले, अशी कबुली माउंटबॅटन यांनीच दिली होती. कलकत्त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे अधिक विस्तार करीत नाही.

बिर्ला भवनातील संध्याकाळ

९ सप्टेंबर १९४७ रोजी गांधीजी दिल्लीत परतले तेव्हा भंगी कॉलनी निर्वासितांनी भरली होती. म्हणून ते बिर्ला भवनात उतरले. शहरात मुसलमानांची घरे लुटली जात होती. हजारो मुसलमान पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यातील छावण्यांत होते. पंजाबातून आलेले हिंदू-शीख निर्वासित सर्वस्व गमावून आले होते आणि थंडी जवळ येत होती.

रोज पाच वाजता बागेत प्रार्थना होई, मग भाषण. सोमवारी मौन असल्याने लिहिलेले भाषण वाचून दाखवले जाई. भाषण हिंदुस्तानीत असे आणि ते रेडिओवरून प्रसारित होऊ लागल्यामुळे बागेतील काही शे श्रोत्यांची सभा देशभर पोहोचली. ही भाषणे नंतर 'प्रार्थना-प्रवचन' आणि इंग्रजीत 'दिल्ली डायरी' या नावांनी ग्रंथरूपाने आली. उर्दू व हिंदी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी त्या काळच्या बोलीचा नमुना म्हणूनही ती वाचण्यासारखी आहेत. साधी वाक्ये, संस्कृत आणि फारसी दोन्हींचा बोजा नाही. याच सुमारास 'हरिजन'च्या उर्दू आवृत्तीचे ग्राहक घटून ती बंद करण्याचा प्रश्न आला, तेव्हा उर्दू बंद करायची तर नागरीही बंद करावी, असे गांधीजींनी सुचवले. प्रार्थनेच्या बाबतीत जो न्याय त्यांनी एप्रिलमध्ये लावला, तोच लिपीच्या बाबतीत.

भाषणांचा मजकूर पाहिला तर 'प्रवचन' हा शब्द अपुरा वाटतो. निर्वासितांसाठी ब्लँकेटे आणि रजया पाठवा, असे आवाहन त्यांत आहे. उघड्यावर झोपणाऱ्यांच्या रजया दवाने भिजू नयेत म्हणून वर जुनी वर्तमानपत्रे पसरावीत, असा सल्ला आहे. आज किती ब्लँकेटे आली याचा हिशेब आहे. बळकावलेल्या मशिदी मोकळ्या करा, असे पंजाबी निर्वासितांना त्यांच्या तोंडावर सांगणे आहे. दुआ आणि धान्य यांची सांगड येथे पुन्हा दिसते.

पण एक त्रुटीही दिसते. हिवाळ्यात गांधीजींनी याच सभांतून धान्य आणि कापडावरील नियंत्रणे उठवावीत असा आग्रह धरला. सरकारने डिसेंबर १९४७ मध्ये ती उठवण्यास सुरुवात केली. पुढे भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रणे पुन्हा आणावी लागली. अर्थशास्त्राच्या या प्रश्नावर मतभेदाला भरपूर जागा होती. सभेत हरकतीचा हक्क होता तो प्रार्थनेपुरता. तिच्या पाठोपाठ येणाऱ्या भाषणाला प्रार्थनेचे पावित्र्य आपोआप चिकटे. गव्हाच्या नियंत्रणाविषयीचे मत फातिहा आणि रामधून यांच्या लगोलग ऐकले की ते केवळ मत राहत नाही. सार्वजनिक प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक नेत्याच्या बाबतीत हा धोका असतो, आणि गांधीजी त्याला अपवाद नव्हते.

१३ जानेवारी १९४८ रोजी शेवटचा उपवास सुरू झाला. दोन दिवस ते प्रार्थनेला आले. तिसऱ्या दिवशी चालवेना, तेव्हा बिछान्यावरूनच ध्वनिक्षेपकावर बोलले. त्यांच्या अटींकडे शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. कारण या उपवासाची आठवण बहुधा पाकिस्तानला द्यावयाच्या पंचावन्न कोटींपुरती उरली आहे. १५ जानेवारीला सरकारने ती रक्कम देण्याचे जाहीर केल्यावरही उपवास सुटला नाही. शांतता समितीपुढे ठेवलेल्या सात अटी दिल्लीच्या मुसलमानांच्या दैनंदिन जीवनाविषयी होत्या. मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांचा उरूस नेहमीप्रमाणे व्हावा. घरांत आणि देवळांत रूपांतर केलेल्या ११७ मशिदी परत मिळाव्यात. मुसलमानांना शहरात आणि रेल्वेत निर्धास्त फिरता यावे. त्यांच्यावरील आर्थिक बहिष्कार उठावा. प्रार्थनेच्या पटांगणावर चार महिने चाललेला वाद आता मशिदीच्या चाव्यांपर्यंत पोहोचला होता. १८ जानेवारीला विविध समाजांच्या आणि संघटनांच्या प्रतिनिधींनी लेखी हमी दिली. बौद्ध, मुस्लिम आणि पारशी प्रार्थना म्हटल्या गेल्या आणि मौलाना आझाद यांच्या हातून रस घेऊन उपवास सुटला.

दोनच दिवसांनी, २० जानेवारीला, मदनलाल पहवा या निर्वासित तरुणाने सभेच्या जागेजवळ स्फोट घडवला. गांधीजी जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या तरुणाविषयी द्वेष बाळगू नका असे सांगितले. पोलिसांनी सभेला येणाऱ्यांची झडती घेण्याची परवानगी मागितली, ती त्यांनी नाकारली. या नकाराकडे अनेकदा साधुत्वाचा किंवा नियतीवादाचा नमुना म्हणून पाहिले जाते. मला त्यात सभेच्या तत्त्वाचीच संगती दिसते. ज्या सभेत विरोधकाने उभे राहून हरकत घ्यावी असे निमंत्रण आहे, तिच्या दारात त्याची झडती घेता येत नाही. पुण्याहून आलेल्या नथुराम गोडसेने या खुलेपणाचा फायदा घेतला. त्याने हरकत नोंदवली नाही.

त्याआधी तीन दिवस, २७ जानेवारीला, गांधीजी मेहरौलीच्या दर्ग्यात गेले होते. १२३५ मध्ये निधन पावलेल्या ख्वाजासाहेबांचा उरूस त्या वर्षी होईल असे महिन्यापूर्वी कोणाला वाटले नव्हते. दंगलीत दर्ग्याच्या संगमरवरी जाळ्या फुटल्या होत्या. त्या पाहून ते व्यथित झाले. मुसलमान भीत भीत आले होते, आणि हिंदू व शीखही उरुसात सामील झाले. कुरआनचे पठण झाले, मग ते बोलले.

गांधीजींनंतर ही प्रार्थना आश्रमांत चालू राहिली, पण राजकीय नेतृत्वाने ती उचलली नाही. विनोबा भावे यांचे उदाहरण वेगळे आहे. 'गीताई'चे कर्ते असलेल्या या मराठी संताने कुरआनचा मूळ अरबीतून अभ्यास केला होता आणि त्यांचे पठण ऐकून मौलवीही समाधान व्यक्त करीत. १८ एप्रिल १९५१ रोजी त्या वेळच्या हैदराबाद राज्यातील पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. पुढे गावोगाव हिंडताना विनोबांनी सभेत मौन प्रार्थनेचा प्रघात पाडला. प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेनुसार काही मिनिटे शांत बसावे, म्हणजे कोणालाच परके वाटणार नाही, ही त्यामागील भूमिका. ती समजण्यासारखी आहे. राम आणि रहीम यांची सरमिसळ नको म्हणणाऱ्या नोआखालीच्या मौलवींनाही त्या मौनात बसायला अडचण आली नसती, आणि वाल्मीकी मंदिरात उभ्या राहिलेल्या तरुणालाही नाही. मात्र त्या तरुणाला चौथ्या दिवशी बसून जे ऐकून घ्यावे लागले, ते मौनात ऐकू येत नाही.